पाव, अर्धा, पाऊण

आमच्याकडे पक्षाघाताला 'अंगावरून वारे जाणे' म्हणतात. २०२३ च्या जूनमध्ये, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यानंतरच्या एका सकाळी, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, हातातला चहाचा कप निसटून ओटीवर फुटला, तेव्हा शेजारच्या काकींनी त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडाकडे पाहून हेच शब्द उच्चारले होते, "मास्तरांच्या आंगावरसून वारा गेला वाटता." निदान अगदी बरोबर होते. चुकले ते त्यापुढचे. वारे गेले की अंग शेकायचे, तेल चोळायचे आणि माणसाला पडून राहू द्यायचे, एवढेच देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीला पिढ्यानपिढ्या ठाऊक होते, आणि आईने ते सगळे मनापासून केले. मला डोंबिवलीत फोन आला तो साडेदहाला. मी १०८ ला फोन करायला सांगितले, वाडीतल्या चार मुलांनी अण्णांना खुर्चीत बसवून जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढून रस्त्यापर्यंत नेले, आणि मेंदूचे सीटी स्कॅन होईपर्यंत दुपारचे अडीच वाजले. कप फुटला होता सकाळी सहाला.

रक्ताची गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला असेल, तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. सर्वच रुग्णांना ते चालत नाही, आणि अण्णांना चालले असते की नाही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. तरीही हा लेख कोणी इथपर्यंतच वाचणार असेल, तर एवढे घेऊन जावे, ही माझी विनंती आहे: चेहऱ्याची एक बाजू ओघळली, एक हात उचलता येईना किंवा बोलणे अडखळले, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी १०८ ला फोन करावा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे.

मला मात्र लिहायचे आहे ते त्यानंतरच्या दिवसांविषयी. नवव्या दिवशी अण्णांना घरी पाठवले, तेव्हा मिळालेल्या कागदावर गोळ्यांची नावे होती, पुन्हा दाखवायला येण्याची तारीख होती, आणि खाली एक ओळ होती: 'फिजिओथेरपी चालू ठेवावी.' ती कोणी द्यायची, कुठे द्यायची, उजवे अंग पूर्ण लुळे पडलेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाला भर पावसात शेवाळलेल्या पाखाडीवरून दर वेळी वर कसे न्यायचे, त्याला जेवू कसे घालायचे आणि त्याच्याशी बोलायचे कसे, याबद्दल एक अक्षरही नव्हते. रुग्णालयातल्या माणसांनी आपले काम निष्ठेने केले होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्यांचे काम जिथे संपले, तिथे आमचे सुरू झाले, आणि या दोन कामांच्या मध्ये कोणीच उभे नव्हते. मी आधी रजा घेतली, मग बिनपगारी रजा घेतली आणि आठ महिने गावी राहिले.

पहिल्या आठवड्यात आम्ही जे जे प्रेमाने केले, त्यातले निम्मे अपायकारक होते. आई त्यांना उशीवर डोके ठेवूनच चमच्याने पाणी पाजायची आणि ते खोकत राहायचे. आम्हाला वाटले, पावसाळी हवेने कफ झाला आहे. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात, घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, हे आम्हाला कणकवलीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले. पातळ पदार्थ गिळायला सोपा, ही आपली समजूतही त्यांनी उलटी करून दाखवली, कारण पाणी घशातून इतक्या वेगाने पुढे सरकते की दुबळ्या स्नायूंना ते सावरायला वेळच मिळत नाही. मग पेज चालेल का, असे आईने विचारले. आमच्या घरात आजारी माणसाला पेजेशिवाय दुसरे काही द्यायचे असते, हेच तिला ठाऊक नव्हते. बाई म्हणाल्या, पेज चालेल, पण वर निवळ आणि खाली शिते अशी नको, कारण एकाच घासात पाणी आणि दाणे दोन्ही आले की गिळणे सर्वांत अवघड होते. घोटून अगदी एकजीव केलेली द्या. त्या दिवसापासून सोलकढी बंद झाली आणि रवीने घोटलेली दाट पेज आणि नाचणीची खीर सुरू झाली. अण्णांना सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, छोटे छोटे घास द्यायचे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही, एवढ्या नियमांवर त्यांचा खोकला आठवडाभरात थांबला. पक्षाघाताचा रुग्ण घरी आणणाऱ्या प्रत्येकाने तो पाण्याने खोकतो का, हे पहिल्याच दिवशी पाहावे आणि खोकत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगावे, असे मला फार वाटते.

दुसरी चूक खांद्याची होती. समाचाराला येणारा प्रत्येक जण त्यांना उठवताना उजव्या हाताला धरून ओढत असे. लुळ्या पडलेल्या हाताचा खांदा स्नायूंच्या आधाराविना सांध्यातून खाली सरकतो आणि ओढल्याने तो कायमचा दुखावू शकतो. आम्ही त्यांच्या कमरेला कापडी पट्टा बांधून त्याला धरायला शिकलो, बसताना हाताखाली उशी ठेवायला शिकलो, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना दारातच सांगायला शिकलो. हे शेवटचे सर्वांत कठीण होते, कारण येणारा प्रत्येक जण काहीतरी उपाय घेऊन येई. कोणी मुळी देणाऱ्याचे नाव सांगे, कोणी पारव्याचे रक्त चोळायला सांगे. बाहेरून लावायच्या साध्या तेलाला मी कधी अडवले नाही, कारण ते लावणाऱ्या हातांची माया अण्णांना कळत होती. पण एका गृहस्थांनी औषध लागू पडावे म्हणून रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तेव्हा मी त्यांना हात जोडून उठवले. एकदा झटका आलेल्या माणसाला दुसरा येण्याचा धोका मोठा असतो आणि त्या गोळ्या त्यासाठीच असतात. त्यानंतर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताई दर आठवड्याला रक्तदाब मोजून वहीत लिहू लागल्या, आणि त्या वहीने माझी रात्रीची बरीचशी झोप परत दिली.

कणकवलीच्या त्या फिजिओथेरपी केंद्राबाहेर एक लाकडी बाक आहे. या आठ महिन्यांत मला जी मदत मिळाली, तिच्यातली बहुतेक त्या बाकावर मिळाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तिथे मालवणकडच्या एक बाई बसलेल्या असायच्या. त्यांचे यजमान मच्छीमार होते आणि त्यांना दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. मी पाखाडीची काळजी बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितले, "चढताना बरो पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. ह्या ध्यानात ठेव, मग किती पायऱ्या असल्या तरी भिया नको." पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनीही हेच शिकवले, पण ऐकताच मनात रुजले ते बाकावरचे वाक्य. मागे पट्टा असलेल्या चपला घ्या, लेंग्याची नाडी काढून इलॅस्टिक घाला, शौचासाठी कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते ती विकत घेण्याची घाई करू नका, रात्री उठताना आधी दोन मिनिटे काठावर बसवा, असे कितीतरी त्यांनी सांगितले. ही माहिती त्यांना कोणी एकत्र दिली नव्हती. त्यांनी ती दोन वर्षे ठेचकाळत गोळा केली होती आणि आता ती त्या बसल्या बसल्या वाटत होत्या.

घरात बदल करायला मात्र वाडी धावून आली. माडावर चढणाऱ्या एका मुलाने खळ्यात माणग्याचे दोन लांब बांबू कमरेच्या उंचीवर समांतर बांधून दिले आणि अण्णा त्यांच्यामध्ये उभे राहून पावले टाकायला शिकले. ओटीच्या सहा इंचांच्या पायरीपुढे चिरे घडवून उतार केला, तो सहा फूट लांबीचा, कारण जितकी उंची तिच्या किमान बारापट लांबी ठेवावी लागते. आधी हौसेने केलेला दोन फुटांचा उतार मोडून टाकावा लागला होता. शेवाळ खरवडण्याची पाळी दर रविवारी कोणीतरी घेत असे.

मदतीविषयी मी एक गोष्ट तेव्हा शिकले, ती इथे थोडी सविस्तर सांगते. 'काही लागले तर हाक मारा' असे आम्हाला शंभर माणसांनी तरी सांगितले असेल आणि त्यांचा भाव खरा होता. पण हाक मारायची तर आधी काय लागते ते ठरवावे लागते, कोणाला सांगावे ते ठरवावे लागते, त्याची सोय पाहावी लागते, आणि दमलेल्या माणसाला नेमके हेच जमत नाही. गणपतीला घर मुंबईकर चाकरमान्यांनी भरले, वीस माणसे अण्णांभोवती बसली, ते आनंदले आणि संध्याकाळपर्यंत गळून गेले. विसर्जन झाले, गाड्या सुटल्या आणि घर असे रिकामे झाले की आई चुलीपुढे बसून कितीतरी वेळ रडली. त्या रात्री मी शाळेच्या वेळापत्रकासारखा एक कागद आखला आणि भजनी मंडळाच्या बैठकीत नेऊन ठेवला. मंगळवारी दुपारी दोन ते चार अण्णांजवळ कोण बसेल? शुक्रवारी रिक्षाबरोबर कणकवलीला कोण येईल? पंधरवड्याचा बाजार कोण आणील? दहा मिनिटांत कागद भरला. मंगळवारचे दोन तास काकींनी घेतले. "तू जा गे, मी आसंय हयसर," असे म्हणून त्या आईला उठवायच्या आणि आई फक्त झोपायची. त्या दोन तासांनी तिला वाचवले, असे मी विचारपूर्वक म्हणते.

कारण मन खचते ते रुग्णाचेही आणि सांभाळणाऱ्याचेही. पक्षाघातातून वाचलेल्या साधारण दर तिघांपैकी एकाला नैराश्य येते, आणि ते उपचारांनी बरे होऊ शकते. अण्णा व्यायामाला नकार देऊ लागले, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले, तेव्हा आम्ही त्याला स्वभावाचा हट्ट समजलो होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या, मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मी एका रात्री फिरवला तो अण्णांसाठी, पण बोलता बोलता लक्षात आले की मी आईविषयी आणि स्वतःविषयीच बोलत आहे. मराठीत, शांतपणे, कोणीतरी ऐकून घेतले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही अण्णांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, आणि डिसेंबरपर्यंत ते स्वतः बांबूंकडे बोट दाखवू लागले.

आता बोलण्याविषयी. अण्णा चौतीस वर्षे प्राथमिक शिक्षक होते, आणि झटक्यानंतर त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता: 'बस'. पाणी हवे असले तरी 'बस', नको असले तरी 'बस'. लोक त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलत, जणू त्यांचे कानच गेले आहेत, किंवा त्यांच्या देखत त्यांच्याविषयी बोलत, जणू ते तिथे नाहीतच. या अवस्थेला वाचाघात म्हणतात, हे मला कळले तेव्हा अर्धे ओझे उतरले, कारण नाव कळले की विचारता येते. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते, म्हणून उजवे अंग गेले की बऱ्याचदा वाणीही जाते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने अशा एका रुग्णाची नोंद केली, ज्याला वर्षानुवर्षे 'तां' एवढेच म्हणता येत होते, पण समोरच्याचे बोलणे बरेचसे समजत होते. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. अण्णांचा 'बस' असाच होता. आत सगळे होते, बाहेरची वाट बुजली होती.

वाचोपचार करणारे कोणी आमच्या जवळपास नव्हते. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्थेसारखी मोठी केंद्रे मुंबईत आहेत, पण तिथवर अण्णांना दर आठवड्याला नेणे शक्यच नव्हते. अखेर ओळखीतून मुंबईतली एक तरुण वाचोपचारतज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर शिकवायला तयार झाली. आमच्या घरी व्हिडिओ कॉल चालेल एवढी रेंज येत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा रिक्षा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जायची आणि कातळावर उभ्या केलेल्या त्या रिक्षातच अण्णांचा वर्ग भरायचा. तिसऱ्या वर्गात तिने विचारले, "यांना लहानपणापासून तोंडपाठ असलेले काय आहे?" मी म्हटले, पाढे. मी स्वतःच सुरुवात केली, पावकीने, म्हणजे पाव या अपूर्णांकाच्या पाढ्याने. पाव. अर्धा. आणि अण्णांच्या तोंडून, कसलाही प्रयत्न न केल्यासारखे, बाहेर पडले: "पाऊण. एक. सव्वा. दीड." ते थेट पाच पावकीच्या पुढे गेले. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिले. मला रडू आवरेना.

ती मुलगी मात्र सावध होती. अंक, वार, आरत्या, पाढे, कधीकधी शिव्याही, या गोष्टी साखळीसारख्या पाठ असतात, त्या बोलण्याच्या इजा झालेल्या वाटेने न जाता दुसरीकडून येतात. पाढा म्हणता आला म्हणजे बोलणे परत आले असे नाही, असे तिने समजावले. पण ही साखळी धरून एकेक कडी सुटी करता येते. पाढा म्हणायचा आणि मध्येच थांबायचे. थांबलेल्या शब्दाला अर्थ द्यायचा. आम्ही रोज सकाळी अर्धा तास हेच केले, आठवडेच्या आठवडे, कंटाळा आला तरी, कारण मेंदू नव्या वाटा पाडतो त्या पुन्हापुन्हा केल्यानेच. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी आईने सवयीने विचारले, "चहा किती ओतू?" अण्णांनी कपाकडे पाहिले, ओठ जुळवले आणि म्हणाले, "पाऊण." चार महिन्यांत विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी दिलेले ते पहिले खरे उत्तर होते. आईने कप काठोकाठ भरला, आणि त्यांनी डाव्या हाताने तो परत तिच्याकडे सरकवून पुन्हा सांगितले, "पाऊण."

कागदपत्रांची हकीकत थोडक्यात सांगते, जरी ती भोगताना थोडकी नव्हती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. घरी आल्यानंतरचा बराचसा खर्च आपला असतो, हे आधीच धरून चालावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात, आणि त्यासाठीचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, सरकारी रुग्णालयात तपासणी झाल्यावर मिळते. आम्हाला त्यासाठी सहा महिने थांबायला सांगितले होते, म्हणजे किती सुधारणा होते ते दिसावे. अण्णांनी त्या अर्जाला दोन महिने हात लावू दिला नाही. कार्ड घेतले म्हणजे बरे होण्याची आशा सोडली, असे त्यांना वाटत होते. बाकावरच्या बाईंनीच त्यांना समजावले की त्यांचे यजमान कार्ड घेऊनच एसटीने सवलतीत इथे येतात, आणि म्हणूनच त्यांचा व्यायाम एकदाही चुकलेला नाही.

खरी जखम नोव्हेंबरात झाली, हयातीच्या दाखल्याच्या वेळी. सही जुळत नव्हती. एका बँकेतल्या तरुण कर्मचाऱ्याने शाईचा पॅड पुढे सरकवला आणि अंगठा द्यायला सांगितले. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. पण या माणसाने प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत रात्री कंदिलाच्या उजेडात कितीतरी मोठ्या माणसांना अंगठ्यावरून सहीवर आणले होते. अण्णांनी हात मागे घेतला आणि आम्ही दाखला न देताच घरी आलो. सत्तर वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना दिलेली आहे, हे मला नंतर कळले. मी तसा लेखी अर्ज केला आणि तेच कर्मचारी, पाखाडी उतरून, आमच्या ओटीवर आले. तोवर अण्णांनी पाटीवर डाव्या हाताने पंधरा दिवस सराव केला होता. नवी सही नोंदवली गेली. ती वाकडी आहे, पण तिच्यातले प्रत्येक अक्षर वाचता येते.

पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, हे खरे आहे, आणि म्हणून त्या काळातला एकही आठवडा वाया जाऊ देऊ नये. पण त्यानंतर दार बंद होते, असे जे ठामपणे सांगितले जाते ते अण्णांच्या बाबतीत खरे ठरले नाही. नवव्या महिन्यात, काजूच्या हंगामात, फिजिओथेरपिस्ट बाईंनी रबरी चेंडू बाजूला ठेवून त्यांना बियांची पाटी द्यायला सांगितली, कारण हाताला ओळखीचे काम मिळाले की तो अधिक वेळ टिकून करतो. पहिल्या दिवशी उजव्या हाताने एका पाटीतून दुसऱ्या पाटीत तीन बिया गेल्या. हंगाम संपेपर्यंत ते तासाभरात शंभरावर बिया निवडत होते आणि किडकी बी बाजूला काढत होते.

आता मी पुन्हा डोंबिवलीत आहे आणि महिन्यातून एकदा गावी जाते. गेल्या खेपेला तपासणीसाठी आम्ही कणकवलीला गेलो, तेव्हा बाकावर एक पंचविशीतला मुलगा बसला होता. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्याची आई होती आणि त्याच्या हातात रुग्णालयाचा तसाच कागद होता, खाली तीच एक ओळ असलेला. तो कोणाला तरी फोनवर विचारत होता की घराला जिना आहे, तर आता आईला खालीच ठेवायचे का. मी माझी वही काढेपर्यंत अण्णा काठी टेकून उठले होते. समोरच्या दोन पायऱ्यांपाशी ते गेले, डावा पाय वरच्या पायरीवर ठेवला, मागे वळून त्या मुलाकडे पाहिले आणि वर्गात फळ्यापाशी उभे राहावे तसे थांबून म्हणाले, "बरो. आधी."